मोटरच्या तारेचं झाड: रंगीत खडे, तांबं आणि रेझिनची बैठक

"किती एचपीची मोटर हाय?"

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर वायंडिंगच्या दुकानात जाऊन तांब्याची तार मागितली की पहिला प्रश्न हाच येतो. मोटरीला नको, झाड करायचंय, असं सांगितलं की दुकानदार एकदा आपल्याकडं बघतो, एकदा रिळाकडं बघतो आणि पुढं काही न विचारता वजनकाटा ओढतो. दुसऱ्या खेपेला तोच विचारतो, झालं का झाड?

ते झाड कसं करायचं, ते लिहितो. तांब्याच्या तारेच्या डहाळ्या, पानांच्या जागी भोकं पाडलेले रंगीत खडे आणि खाली पारदर्शक रेझिनची, म्हणजे ओतून कडक होणाऱ्या रसायनाची, गोल बैठक. बैठकीच्या आतही खडे आणि झाडाची मुळं त्यांतून पसरलेली. उंची वीतभराच्या आत. टीव्हीशेजारी, पुस्तकांच्या कपाटात किंवा दारातून आत आल्यावर नजर पडेल अशा कोनाड्यात शोभतं. तारकामाला तीन-चार संध्याकाळी जातात. रेझिन ओतायला एकूण तासभरही लागत नाही, पण ते वाळायला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. नवखे नेमकं उलटं करतात. रेझिनची बाटली हातात आली की कधी ओतू असं होतं, आणि खडे धुवायचे, वाळवायचे, मोजायचे राहून जातात. तार चुकली तर उलगडून पुन्हा पीळ देता येतो. रेझिन चुकलं तर करवतच लावावी लागते.

बाजारात अशी झाडं आणि पिरॅमिड 'ऊर्जा देणारे', 'पैसा खेचणारे' म्हणून विकले जातात. मी ती शोभेची वस्तू म्हणून करतो. खड्याचा रंग आणि तांब्याची लकाकी एवढ्यावर माझं समाधान होतं.

खडे निवडताना

भोकं पाडलेल्या ओबडधोबड खड्यांच्या माळा मिळतात. विक्रेते त्यांना 'चिप्स' म्हणतात. एक माळ साधारण ३४ ते ३६ इंचांची असते आणि तिच्यात दोनशेच्या आसपास खडे निघतात. आपल्या झाडाला १५० पानं लागतात, म्हणजे एक माळ पुरते आणि फुटके-तुटके बाजूला काढायलाही जागा राहते. बैठकीत घालायला मात्र भोकं नसलेले खडे वेगळे घ्या, वजनावर मिळतात. ३०० ग्रॅम पुरे.

पहिल्या झाडाला क्वार्ट्झच्या घराण्यातला खडा घ्या. ॲमेथिस्ट, रोझ क्वार्ट्झ, ग्रीन ॲव्हेंच्युरीन, टायगर आय, अकीक, साधा स्फटिक हे सगळे मुळात सिलिकाच. कडकपणाच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर ते ७ च्या आसपास येतात, पाण्यानं बिघडत नाहीत, पीळ देताना चिमट्याचा धक्का लागला तरी टवका उडत नाही. फ्लोराइट दिसायला सुंदर, पण कडकपणा ४. पाचव्या डहाळीला तुम्ही त्याला शिव्या देत असाल. सेलेनाइट म्हणजे जिप्समच. नखानं ओरखडा उठतो आणि धुतलं की चकाकी जाते. पायराइटची सोनेरी झळाळी भुलवते, पण दमट हवेत त्याला गंज धरतो, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर दमट हवेशिवाय असतं काय?

फसवणुकीबद्दल थोडं सविस्तर, कारण या धंद्यात ती बरीच आहे. 'ओपलाइट' आणि चमचमता 'गोल्डस्टोन' ही काच असते. गोल्डस्टोनमधली चमक तांब्याच्या बारीक कणांची. 'चेरी क्वार्ट्झ' म्हणून विकलं जाणारंही बहुतेक काचच. स्वस्तातला पिरोजा दिसला तर तो रंगवलेला हाउलाइट नावाचा पांढरा दगड असण्याची शक्यता जास्त. पिवळाधमक सिट्रीन बहुतेक वेळा भाजलेला ॲमेथिस्ट असतो. उष्णतेनं जांभळ्याचा पिवळा होतो. यातलं काहीही झाडाला वापरायला हरकत नाही, फक्त काचेला रत्नाचा भाव देऊ नका. घरी दोन परीक्षा करता येतात. कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन खडा चोळा. कापसाला रंग लागला तर खडा रंगवलेला. दुसरी म्हणजे रिकाम्या काचेच्या बाटलीवर खड्याची कड दाबून ओढा. क्वार्ट्झ काचेला ओरखडा पाडतो, काच काचेला सहसा पाडत नाही. खड्याच्या पोटात गोल बुडबुडे दिसले तर परीक्षाही नको, ती काचच.

अकीक आपल्या शेजारच्याच राज्यातला. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूर भागात निघतो आणि खंभातला घडतो. तिथले कारागीर दगड भाजून त्यातल्या लोहाचा तांबडा रंग खुलवतात, आणि ही कला हजारो वर्षांची आहे. पण इतकं लांब जायलाच हवं असंही नाही. आपल्या पायाखालचा काळा दगड सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढं त्यांत गारा धरल्या. विहिरीच्या नाहीतर रस्त्याच्या खोदकामाचा ढीग बघा, पांढऱ्या गारगोटीचे तुकडे हमखास सापडतात. (होय, भुदरगडातलं गारगोटी गाव वेगळं, पण पाहुण्यांना सांगायला गंमत येते.) मी बैठकीत तळाला काळ्या पाषाणाची बारीक कच, वर गारगोटी आणि कडेला विकतचे ॲमेथिस्ट घालतो. जांभळा रंग काळ्यावर जितका उठतो तितका कशावरच उठत नाही.

खडे आणले की साबणाच्या कोमट पाण्यात घासून धुवा. माळेतल्या खड्यांना मेणाचा, तेलाचा हलका थर असतो आणि भोकात पॉलिशची पांढरी भुकटी अडकलेली असते. दोन पाण्यांतून काढून फडक्यावर पसरा आणि पंख्याखाली पूर्ण एक दिवस ठेवा. काळ्या दगडाची कच दोन दिवस ठेवा. ती सच्छिद्र असते, ओल आत धरून ठेवते.

तार आणि हत्यारं

मोटरच्या वायंडिंगची तार घ्यायचं कारण तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. उघडं तांबं काळवंडतं, हिरवं होतं. ही तार वर्षानुवर्षं तपकिरी-सोनेरी राहते. २६ नंबरची मागा. जाडी अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी भरते, खड्याच्या भोकातून सहज जाते आणि बोटांनी वळते. २८ नंबरची तार आणखी मऊ, पण खड्यांच्या वजनानं डहाळ्या माना टाकतात. २४ ची ताठ असते, बोटं सोलवटतात.

आपल्याला लागते १२ मीटर, म्हणजे साधारण १८ ग्रॅम. दुकानात ५० ग्रॅम मागा. त्यात ३० मीटरच्या वर तार येते, म्हणजे शिकताना वाया गेली तरी पुन्हा हेलपाटा नको.

चिमटे महाद्वार रोडजवळच्या गुजरीत सराफी हत्यारं विकणाऱ्यांकडं मिळतात. एक चपट्या तोंडाचा, एक तार कापायची पक्कड, बस्स. चिमट्याच्या तोंडाला आतून दाते असतील तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर तारेचा इनॅमल खरवडला जातो आणि नेमका तिथंच पुढं काळा डाग पडतो.

पीळ

तारेचे ४० सेंटिमीटरचे ३० तुकडे कापा. एक तुकडा घ्या. मधोमध एक खडा ओवा, तार खड्याच्या खाली दुमडा आणि दोन्ही पाय एकत्र धरून खडा फिरवा. पाच-सहा पीळ बसले की सेंटिमीटरभर देठ तयार होतो. हे शेंड्याचं पान. फिरवायचा तो खडा, तार नव्हे. तार फिरवायला गेलात तर पीळ सैल पडतो आणि पान लटपटतं.

आता डाव्या पायात एक खडा ओवा. देठापासून सेंटिमीटरभर अंतरावर तो धरा, तार परत देठाकडं दुमडा आणि तसाच पीळ द्या. उजव्या पायाला तेच. मग दोन्ही पाय एकत्र आणून खाली सेंटिमीटरभर पिळा आणि पुन्हा डावीकडं एक, उजवीकडं एक. पाच पानांची एक डहाळी झाली. खाली दोन्ही पाय बारा-एक सेंटिमीटर उरले पाहिजेत. ते कापू नका, तेच पुढं फांदी, खोड आणि मूळ होणार आहेत.

पहिल्या चार-पाच डहाळ्या वेड्यावाकड्या होतील. त्या फेकू नका, झाडाच्या मागच्या बाजूला लावा. दहाव्या डहाळीपर्यंत हात बसतो आणि मग टीव्हीसमोर बसूनही काम होतं. तीस डहाळ्या एका बैठकीत करायला जाऊ नका. अंगठ्याच्या पेराला घट्टा पडतो. दोन संध्याकाळी करा.

तीस झाल्या की तीन-तीन डहाळ्या एकत्र घेऊन खाली दोन-तीन सेंटिमीटर पिळा. दहा फांद्या झाल्या. त्यातल्या तीन, तीन आणि चार अशा एकत्र करून तीन मोठ्या फांद्या. शेवटी तिन्ही मिळून खोड. इथं एक गोष्ट सांभाळा. फांद्या खोडाला एकाच उंचीवर जोडल्या तर झाड छत्रीसारखं दिसतं. एक खाली, एक मध्यावर, एक वर जोडा. रंकाळ्याच्या काठावर कुठलंही जुनं झाड उभं राहून बघा, त्याच्या दोन फांद्या कधी एका रेषेत फुटत नाहीत.

खोडाच्या खाली तीन-चार सेंटिमीटर तारा मोकळ्या सोडा. त्या सहा-सात जुडग्यांत वाटून, प्रत्येकाला पीळ देऊन ताऱ्यासारख्या चहूबाजूला वाकवा. ही मुळं. बैठकीत झाड घट्ट धरून ठेवायचं काम यांचं, त्यामुळं ती दिखाऊ न करता जरा लांब आणि वाकडीतिकडी ठेवा.

साठ तारांचं खोड जेमतेम ४ मिलिमीटर जाड भरतं. इतक्या पानांखाली ते काडीसारखं दिसतं. उपाय सोपा आहे. एम-सीलसारखी दोन भागांची इपॉक्सी लांबी सारख्या प्रमाणात मळून खोडाला लपेटा आणि ओली असतानाच दाभणानं उभे चरे ओढा. झाडाची साल होते. खाली जाड, वर निमुळती. दुसऱ्या दिवशी तपकिरी ॲक्रिलिक रंग द्या आणि तो वाळल्यावर कोरड्या ब्रशनं तांबूस-सोनेरी रंग नुसता फिरवा. चऱ्यांच्या कडा उजळतात. काहीजण लांबी न लावता उरलेली तार खोडाला गुंडाळतात. तेही छान दिसतं, पण सुरुवातीला गुंडाळी एकसारखी येत नाही.

रेझिन कुठलं

आपल्या कोल्हापुरी साजाच्या मण्यांत सोन्याच्या पातळ पत्र्याखाली लाख भरलेली असते. लाख म्हणजे निसर्गानं दिलेलं रेझिनच. आपण वापरणार ते इपॉक्सी रेझिन कारखान्यातलं: दोन बाटल्या, एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही मिसळले की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते, मिश्रण गरम होतं आणि हळूहळू दगडासारखं कडक बनतं. रंगासारखं ते हवेत सुकत नाही. म्हणून 'जरा जास्त हार्डनर घातलं तर लवकर वाळेल' हा हिशेब इथं चालत नाही. प्रमाण चुकलं तर जास्तीचा भाग जोडीदाराविना तसाच राहतो आणि बैठक कायम चिकट राहते.

खरेदी करताना 'कास्टिंग'चं, म्हणजे साच्यात ओतायचं, रेझिन मागा. 'कोटिंग'चं रेझिन पातळ थरासाठी असतं. जाड ओतलं की तापतं, तडकतं, पिवळं पडतं. आणि फायबरच्या कमानी, मूर्तींचे साचे करणाऱ्यांकडं जे रेझिन मिळतं ते आणू नका. ते पॉलिएस्टर. त्याला घर सोडून जावंसं वाटेल इतका उग्र वास असतो, वाळताना ते आकसतं, आणि त्यात कोबाल्ट व एमईकेपी नावाची दोन रसायनं वेगवेगळी घालावी लागतात. ती दोन चुकून थेट एकमेकांत मिसळली तर भडका उडू शकतो. ते कारखान्यातल्या जाणत्यांचं काम, स्वयंपाकघराच्या ओट्यावरचं नव्हे.

सुरक्षेचं सांगताना लोक कंटाळतात, तरी सांगतो. नायट्रिलचे हातमोजे घाला. डॉक्टरी रबराचे पातळ मोजे पुरेसे नाहीत. खिडक्या उघड्या ठेवा. लहान मुलं, मांजर खोलीबाहेर. हातावर रेझिन सांडलं तर थिनरनं पुसू नका. थिनर ते कातडीत आणखी खोल नेतं. आधी कोरड्या कागदानं टिपा, मग गोडेतेलाचा हात फिरवून साबणानं धुवा. इपॉक्सीची ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. दहा वेळा काही होत नाही आणि अकराव्या वेळी मनगटावर पुरळ उठतं. एकदा उठलं की पुढं प्रत्येक वेळी उठतं. नियमित काम करणार असाल तर सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क घ्या. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही.

कधी ओतायचं

माझी पहिली बैठक मी जुलैत ओतली. बाहेर संततधार, घरात भिंती घामेजलेल्या. तीन दिवसांनी साच्यातून काढली तर वर मेणचट, पांढुरका थर आणि बोट लावलं की ठसा. हार्डनर हवेतली ओल धरतो आणि पृष्ठभाग असा आजारी पडतो. तेव्हापासून माझा नियम साधा आहे: राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की रेझिनची बाटली कपाटात आणि तारकाम टेबलावर. पावसाळाभर झाडं करून ठेवा, बैठका दिवाळीच्या आगेमागे ओता. फेब्रुवारी-मार्चही उत्तम. खोलीत २२ ते २८ अंश तापमान आणि ६० टक्क्यांच्या आत आर्द्रता असली की डोळे झाकून ओतावं. छोटा आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो घेऊन ठेवा. डिसेंबरच्या गार सकाळी रेझिन मधासारखं घट्ट होतं. तेव्हा बंद बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायची आणि बाहेरून कोरडी पुसूनच उघडायची.

मोजमाप

साचा सिलिकॉनचा घ्या, १० सेंटिमीटर व्यासाचा, ३ सेंटिमीटर खोल. त्यात सुमारे २३५ मिलिलिटर मावतं. पण आत खडे असणार, मग रेझिन किती लागेल? आकडेमोड नको. साच्यात ३०० ग्रॅम खडे रचा, साचा वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि काठापर्यंत पाणी ओता. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर रिकामी जागा. माझ्याकडं ते १२० च्या जवळपास येतं. रेझिन पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणून १.१ नं गुणा: साधारण १३५ ग्रॅम. मग खडे आणि साचा पुन्हा एक दिवस वाळवा. हा दिवस गाळायचा मोह होतो. ओलसर खड्याभोवती रेझिन दुधाळ होतं, आणि तो ढग नंतर कशानंही जात नाही.

बाटलीवरचं प्रमाण नीट वाचा. काही कंपन्या ते वजनानं देतात, काही मापानं. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळं मापाचं २:१ म्हणजे वजनाचं २:१ नव्हे. खालचा हिशेब वजनाच्या २:१ साठी आहे. तुमच्या बाटलीवर वेगळं असेल तर तेच पाळा. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. भाजीचा नको.

ओतताना

टेबल सपाट आहे का ते आधी बघा. मोबाइलमधली पातळी दाखवणारी सोय चालते. खाली प्लास्टिकचा कागद अंथरा. पंखा बंद.

पहिला थर अर्ध्या सेंटिमीटरचा: ३० ग्रॅम रेझिन, १५ ग्रॅम हार्डनर. कागदी कपाच्या आतल्या मेणाचा भरवसा नसतो, म्हणून प्लास्टिकचा कप घ्या. आइस्क्रीमच्या काडीनं तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, ताक घुसळल्यासारखं नको, बुडबुडे होतात. कडा आणि तळ खरवडत राहा. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून आणखी मिनिटभर ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला चिकटलेला, न मिसळलेला भाग तिथंच राहतो. चिकट डागांचं मुख्य कारण हेच असतं. ढवळताना मिश्रणात ज्या रेघा दिसतात त्या पूर्ण जाऊन ते पाण्यासारखं स्वच्छ दिसलं की साच्यात ओता. वर आलेले बुडबुडे छोट्या ब्युटेन टॉर्चच्या ज्योतीनं झरकन फुटतात. ज्योत एका जागी दोन सेकंदांवर थांबवू नका आणि साच्याच्या कडेला लावू नका.

चार ते सहा तासांत हा थर घट्ट जेलीसारखा होतो. बोटाला चिकटतो पण बोटाबरोबर ओढला जात नाही. तेव्हा झाड बसवायचं. मुळं या थरावर पसरवा, हलकी दाबा. साच्यावर दोन आइस्क्रीमच्या काड्या आडव्या टाकून त्यांच्यात खोड धरा, म्हणजे झाड कलणार नाही. आता खडे रचा. कडेला ज्यांची बाजू छान ते, मुळांवर बारीक कच, वर पुन्हा निवडक. खडे साच्याच्या भिंतीला टेकवूनच ठेवा. दोन-तीन मिलिमीटर आत राहिले तर बाहेरून फक्त रेझिनची जाड कड दिसते आणि रंग मागं पडतो. झाडाच्या डहाळ्या एका कॅरीबॅगमध्ये गुंडाळून घ्या. वरून ओतताना थेंब पानांवर पडले की पुसायला जावं तर तार हलते.

दुसरा थर: ६० ग्रॅम आणि ३० ग्रॅम. कपाचं तोंड चिमटून चोच करा आणि कडेनं एकाच जागी धार सोडा, रेझिनला आपली वाट आपण शोधू द्या. सगळीकडून ओतलं तर खड्यांमध्ये हवा कोंडते. निम्मं ओतून पाच मिनिटं थांबा, मग उरलेलं. या वेळी ज्योत अजिबात नको, वर प्लास्टिक आणि झाड आहे. बुडबुडे टूथपिकनं फोडा. काळ्या कचीतून तासभर हवा येत राहील, दर दहा मिनिटांनी डोकावा.

एक चूक माझी तुम्ही करू नका. वेळ वाचवायला म्हणून मी एकदा तीन बैठकींचं रेझिन एकाच उभ्या कपात मिसळलं आणि फोनवर बोलत बसलो. मिश्रण जितकं जास्त आणि भांडं जितकं उभट, तितकी आतली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. वीस मिनिटांत कप वाकला, धूर निघाला, आणि ते पिवळं ढेकूळ चिमट्यानं धरून अंगणात न्यावं लागलं. जितकं लागेल तितकंच मिसळा आणि मिसळलं की ओता.

ओतून झालं की वर खोका उपडा घाला. धूळ तर बसतेच, पण आपल्याकडं खरी पीडा मुंग्यांची आणि डासांची. कोट्यवधी वर्षांच्या अंबरात अडकलेला डास लोक कौतुकानं बघतात. तुमच्या बैठकीतला कोणी बघणार नाही.

कपात उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका. पाइपमध्ये ते दगड होतं, आणि शहरातलं सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेच्या दिशेनंच जातं. कपातच कडक होऊ द्या, मग कचऱ्यात टाका.

साच्यातून काढल्यावर

२४ तासांनी साचा सोडवता येतो, पण मी ४८ थांबतो. साच्याची भिंत चहूबाजूंनी बोटानं बाहेर ओढून हवा जाऊ द्या, मग खालून दाबा. झाडाला धरून ओढायचं नाही. पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो, तोवर जड काही टेकवू नका.

वरच्या कडेला रेझिन साच्याच्या भिंतीवर किंचित चढलेलं असतं आणि ती कड ब्लेडसारखी धारदार होते. ती पाण्यात भिजवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं उतरवा, मग ६००, ८००, १०००, २०००. नेहमी ओलंच घासा, कोरडी भुकटी श्वासात जायला नको. शेवटी गाडीची रबिंग पॉलिश मऊ फडक्यानं चोळली की काचेसारखी लकाकी येते. घाई असेल तर कड तेवढीच घासा, बाकीचं साच्यातून आलं तसं चकचकीत असतं. तळाला फेल्टचा गोल तुकडा चिकटवा.

डहाळ्यांना शेवटचं वळण आता द्या. एकेक पान बोटानं वळवून त्याचा चांगला चेहरा पुढं आणा, मधल्या मोकळ्या जागा भरा. यात अर्धा तास सहज जातो आणि झाड खरं इथंच जिवंत होतं.

ठेवायचं कुठं

पश्चिमेच्या खिडकीत नको. उन्हातल्या अतिनील किरणांनी रेझिन पिवळं पडतं, आणि ॲमेथिस्ट व रोझ क्वार्ट्झ हे दोन्ही उन्हानं हळूहळू फिके होतात. देवघरात ठेवायचं असेल तर दिव्यापासून हातभर लांब ठेवा. आमच्या आईनं 'सपाट आहे की' म्हणून एका बैठकीवर निरांजन ठेवलं होतं. साधं इपॉक्सी ५०-६० अंशांलाच मऊ पडू लागतं; निरांजनाच्या बुडाचा गोल खळगा अजून त्यावर आहे, आणि आता ते निरांजन रोज नेमकं त्याच खळग्यात बसतं. धूळ झटकायला रंगाचा मऊ ब्रश वापरा. स्पिरिट, थिनर लावू नका.

एखादी डहाळी मोडली तर घाबरायचं कारण नाही. उरलेल्या तारेतून नवी डहाळी करा, तिचे पाय जुन्या फांदीभोवती चार-पाच वेढे देऊन गुंडाळा आणि टोक चिमट्यानं आत दाबा. त्यासाठीच ती उरलेली तार आणि माळेतले उरलेले खडे एका डबीत घालून, वर तारेचा नंबर लिहून ठेवा. पुढच्या खेपेला दुकानात "कुठली दिली होती ओ मागच्या वेळी?" असं विचारायची वेळ येत नाही.